ध्वनियंत्रांची बैठक आणि आपली घरे

घरी बसून गाणे ऐकण्याची ज्यांना मनापासून आवड आहे आणि त्या आवडीपायी अँप्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल यांवर जे आपल्या ऐपतीच्या मानाने बराच पैसा खर्च करतात, त्यांपैकी पुष्कळ जण ही यंत्रे घरात आल्यावर ती कोठे आणि कशावर ठेवावीत याचा निर्णय टीव्हीच्या कपाटात किती जागा मोकळी आहे एवढ्याच गोष्टीवरून करतात, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते. यंत्राची निवड करताना महिनोन्‌महिने चौकशी करणारा, चार जाणकारांची मसलत घेणारा हाच गृहस्थ त्या यंत्राच्या जागेबद्दल अर्धा तासही विचार करीत नाही. आणि मग आवाजात घुमारा फार आहे, डग्गा नुसताच गुरगुरतो, तंबोरा कानांशी रुंजी घालण्याऐवजी अंगावर येतो, अशा तक्रारी करीत तो दुसऱ्या, अधिक महाग यंत्राच्या शोधाला लागतो. दोष बहुधा यंत्राचा नसतो. तो बैठकीचा असतो, आणि तो दूर करण्यास लागणारा खर्च यंत्राच्या किमतीपुढे अगदी क्षुल्लक असतो.

याहून सूक्ष्म अशी दुसरी एक चूक आहे, आणि ती विचार करणाऱ्यांच्या हातून होते. इंग्लंड-अमेरिकेतील ध्वनिविषयक नियतकालिके वाचून ते स्पीकरखाली पोलादी खिळे बसवतात, टर्नटेबलखाली अमुक जातीचे पाय घेतात, आणि तेथील सल्ला शब्दशः अमलात आणतात. तो सल्ला खोटा नसतो. पण तो ज्या घरांना उद्देशून दिलेला असतो ती घरे आपली नव्हेत. तेथील पुष्कळशा घरांत लाकडी तुळयांवर फळ्या अंथरून केलेली जमीन असते, तिच्यावर जाड गालिचा असतो, आणि अमेरिकेत तर आतील भिंतीही लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून उभ्या केलेल्या असतात. अशी जमीन पावलागणिक हलते, आणि अशी भिंत खर्जाच्या स्वरांबरोबर स्वतः किंचित लवून त्यांचा काही अंश गिळून टाकते. आपल्याकडे काँक्रीटचा स्लॅब, त्यावर फरशी, आणि विटांच्या वा काँक्रीटच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा, असा शिरस्ता आहे. त्यामुळे आपली जमीन चालण्याने फारशी हलत नाही, पण भिंती खर्जाचा एकेक स्वर जवळजवळ पूर्णपणे परत करतात. तेथील श्रोत्याला मुख्य त्रास पायाखालून होतो, आपल्याला तो खोलीतील हवेतून होतो. हा भेद ध्यानात घेऊन आपण आपल्या घरांपुरता वेगळा विचार केला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रथम टर्नटेबलचा विचार करू. कारण घरातील सर्व ध्वनियंत्रांत बाहेरच्या कंपाची खरी भीती त्यालाच आहे, आणि जुन्या तबकड्यांकडे अलीकडे पुन्हा वळलेल्या तरुण मंडळींना तिची पुरेशी कल्पना असतेच असे नाही. लाँग-प्ले तबकडीवरील खाच माणसाच्या केसाहून बारीक असते. तिच्या दोन भिंती परस्परांशी ९० अंशांचा कोन करतात, आणि १९५७-५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या प्रचारात आल्यापासून डाव्या-उजव्या बाजूंचे ध्वनी या दोन भिंतींवर स्वतंत्रपणे कोरलेले असतात. खाच हलल्यामुळे आपण हललो की आपण ज्यावर उभे आहोत ती फळी हलल्यामुळे हललो, हे सुईला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तिला दोन्ही हालचाली संगीतच वाटतात. त्यातही खर्जाच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. १९५४ साली अमेरिकेत रूढ झालेल्या आणि पुढे सर्वत्र मान्य झालेल्या संकेतानुसार तबकडी कोरताना खर्जाचे स्वर दाबून कोरतात आणि वाजवताना ते अँप्लिफायरमध्ये पूर्ववत उचलून घेतात. सेकंदाला २० कंपांच्या स्वराला ही उचल १००० कंपांच्या स्वराच्या तुलनेत सुमारे नऊपट असते. फळीचा, जमिनीचा, दाराच्या आपटण्याचा जो कंप सुईपर्यंत पोचतो तो बहुतांशी याच खालच्या प्रदेशातला असल्यामुळे, संगीताच्या सोयीसाठी केलेल्या या व्यवस्थेचा लाभ त्यालाही आयताच मिळतो. शिवाय स्पीकरमधून निघालेला खर्ज टर्नटेबलच्या फळीला हलवतो, ती फळी सुईला हलवते, सुईचा तो कंप वाढून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो. हे चक्र एकदा बळावले की आधी आवाज गढूळ होतो आणि अखेर घरभर हंबरडा फुटतो. जुन्या रेडिओग्रामच्या कारखानदारांना एकाच कपाटात स्पीकर व तबकडीयंत्र बसवावे लागे, म्हणून ते वाजवण्याची बैठक स्प्रिंगांवर तरंगती ठेवीत. आपण मात्र आज सनमायका लावलेल्या एकाच पोकळ प्लायवूडच्या कपाटावर टर्नटेबल आणि त्याच्या दोन्ही अंगांना स्पीकर ठेवून मोकळे होतो.

आपल्या घरी हा दोष किती आहे हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. तबकडी फिरत नसताना तिच्यावर सुई हलकेच टेकवावी, आवाजाची कळ पूर्ण खाली ठेवून मग ती सावकाश नेहमीच्या पातळीच्या थोडी अलीकडे आणावी, आणि टर्नटेबल ज्या फळीवर आहे तिच्यावर बोटाने हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून बारीक, कोरडा, तत्काळ विझणारा ‘टक्’ आला तर बैठक बरी आहे असे समजावे. ‘धम्म’ असा लांबत जाणारा, मागे गुंजन सोडणारा आवाज आला तर प्रत्येक तबकडीच्या प्रत्येक स्वराला तेच गुंजन चिकटत आहे हे निश्चित. कळ वर नेताना स्पीकरचा पडदा आपोआप आत-बाहेर डोलू लागला किंवा घूं असा नाद वाढू लागला, तर ती ताबडतोब खाली घ्यावी.

उपाययोजना करताना दोन भिन्न क्रियांची गल्लत होऊ देता कामा नये. कंप अडवणे ही एक क्रिया. कंप जिरवणे, म्हणजे त्याची उष्णता करून टाकणे, ही दुसरी. अडवण्यासाठी स्थितिस्थापक आधार लागतो, आणि अशा आधारावर वजन ठेवले की त्याची स्वतःची एक स्वाभाविक आंदोलनसंख्या ठरते. तिच्या सुमारे १.४ पटीच्या वरचे कंप तेवढे अडतात, फार खालचे जसेच्या तसे पार होतात, आणि तिच्या आसपासचे उलट वाढतात. ही संख्या किती आहे हे आधार वजनाखाली किती दबला यावरून साधारण काढता येते: १ मिलिमीटर दबला तर सेकंदाला सुमारे १६, ३ मिलिमीटर दबला तर सुमारे ९, आणि २५ मिलिमीटर दबला तर सुमारे ३. आता टर्नटेबलचा आर्म आणि त्याच्या टोकाचा कार्ट्रिज यांची जोडी स्वतःच ८ ते १२ कंपांच्या पट्ट्यात अनुनाद पावते. हा पट्टा मुद्दाम निवडलेला असतो, कारण त्याच्या खाली तबकडीच्या वाकडेपणाचे हेलकावे असतात आणि वर संगीत सुरू होते. तेव्हा बाजारात मिळणारी, वजनाखाली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर दबणारी रबराची चकती जेव्हा कोणी टर्नटेबलखाली सरकवतो, तेव्हा आर्म जेथे सर्वांत दुबळा असतो नेमक्या त्याच प्रदेशात तो नवा कंप वाढवून देत असतो. रबर चालत्या कंपाला स्थिर वजनापेक्षा ताठ असते हे धरले तरी आकडा त्या पट्ट्याच्या अवतीभवतीच राहतो. आधार मऊ असला की काम झाले, ही समजूत चुकीची आहे. तो पुरेसा मऊ असावा लागतो, आणि त्यावरील वजन पुरेसे जड असावे लागते.

या दृष्टीने आपल्याकडे एक उत्तम वस्तू जवळजवळ फुकट मिळते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती थोडी तपशिलाने सांगतो. स्वयंपाकघराचा ओटा बसवणारे कारागीर सिंकसाठी कडप्प्यात चौकोन कापतात. तो कापून काढलेला तुकडा साधारण दोन फूट लांब व दीड फूट रुंद असतो, पाऊण इंचाच्या जाडीला त्याचे वजन १४-१५ किलो भरते, आणि तो बहुधा इमारतीच्या मागे भिंतीला टेकून पडलेला असतो. नुसता हा दगड फळीवर ठेवण्यात फारसा अर्थ नाही, कारण दगड स्वतः कंप जिरवीत नाही; त्याला एका कडेला धरून बोटाच्या पेराने ठोकले तर तो चांगला खणखणतो. पण त्याच्या खाली लहान सायकलची, अगदी थोडी हवा भरलेली ट्यूब गोल करून ठेवली, दगडाची कड कोठेही फळीला टेकत नाही याची खात्री केली, आणि दगड व टर्नटेबल यांच्यामध्ये नमद्याचा किंवा बुचाचा थर दिला, तर वजन, स्थितिस्थापकता आणि शोषण या तिन्ही गोष्टींची तजवीज होते. ट्यूबमध्ये हवा जितकी कमी तितका आधार मऊ, एवढे लक्षात ठेवावे. हवा हळूहळू उतरते व दगड एका बाजूस कलतो, म्हणून अधूनमधून पाणसळीने समतलता पाहावी लागते; हा त्रास मला रास्त वाटतो. कोकणात आणि मुंबईत रबर दमट उकाड्याने चिकट होते वा कडक पडते, आणि फोम तर काही वर्षांत हाताला भुगा होऊन लागतो. म्हणून असा आधार कायमचा न समजता बदलण्याची वस्तू समजावा.

स्प्रिंगांवर टर्नटेबल तरंगते ठेवण्याची कल्पना लोकप्रिय करणारा मनुष्य अमेरिकेतील एडगर व्हिल्चर. त्याच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने १९६१ साली जे टर्नटेबल बाजारात आणले त्यात तबकडीची थाळी आणि आर्म ही दोन्ही एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली होती, आणि मोटर त्या पट्टीवर नसून वरच्या तक्त्याला जोडलेली होती. खोक्यावर हातोडी मारली तरी सुई उडत नसे. पुढे थोरेन्स आणि लिन या युरोपीय कंपन्यांनी हीच रचना स्वीकारली. तथापि या रचनेची मर्यादा तिच्या गुणातूनच निर्माण होते: माणूस चालताना सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो, आणि जमीन लाकडी असेल तर हे मंद हेलकावे स्प्रिंगांना अडवता येत नाहीत, उलट त्यांवर यंत्र डोलू लागते. पुण्यातील जुन्या वाड्यांत किंवा गिरगावातील लाकडी माडीच्या चाळींत जे अद्याप राहतात त्यांनी टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावर न ठेवता बाहेरच्या जाड भिंतीत ठोकलेल्या पक्क्या फळीवर ठेवावे. भिंतीत जुना कोनाडा असेल आणि त्यात यंत्र मावत असेल तर त्याहून स्थिर जागा मला ठाऊक नाही. मात्र तो कोनाडा खोलीच्या कोपऱ्याला लागून नसावा, कारण खर्जाचा दाब कोपऱ्यातच सर्वाधिक असतो.

स्पीकरचा प्रश्न याच्या उलट आहे: टर्नटेबलला कंपापासून वाचवायचे असते, स्पीकर तर कंपाचाच उगम. त्याचा पडदा हलावा आणि पेटी हलू नये, एवढीच अपेक्षा. वाद्य आणि ध्वनियंत्र यांतील मूलभूत भेद येथेच आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा पारखून घेतो तो त्याने तारेबरोबर नादावे म्हणून. स्पीकरच्या पेटीने मात्र स्वतःचे काहीही बोलता कामा नये, कारण ती बोलली तर मिरजेच्या भोपळ्याच्या नादात कारखान्यातल्या लाकडाचा नाद मिसळतो. ही पेटी गप्प कशी करावी याचा अभ्यास बीबीसीच्या संशोधन विभागाने फार चिकाटीने केला. हारवुड व मॅथ्यूज यांचा १९७७ चा अहवाल याच विषयाला वाहिलेला आहे. लाकूड जाड व ताठ करण्यापेक्षा ते पातळ ठेवून त्याच्या आतून डांबरी थर चिकटवणे अधिक हितकर, हा तेथील मार्ग. बीबीसीने आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारींसाठी तयार केलेला, पुढे घरोघरी नावाजलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर १२ मिलिमीटर बर्च प्लायवूडचा आहे तो याच विचारसरणीमुळे. ज्याच्याजवळ जुने, बोलघेवड्या पेटीचे स्पीकर आहेत त्याने ते टाकून देण्यापूर्वी आतून असा थर लावून पाहावा.

स्पीकरखालच्या पोलादी खिळ्यांविषयी स्पष्ट लिहिणे जरूर आहे. गालिच्यातून खाली फळीपर्यंत पोचून स्टँड डगमगू नये, हा त्यांचा मूळ हेतू, आणि तो योग्य होता. आपल्या फरशीवर गालिचाच नाही तेथे खिळे फरशी ओरबाडण्यापलीकडे फार थोडे साधतात. कंप या खिळ्यांतून फक्त खाली वाहतो, वर येत नाही, असे जे सांगितले जाते ते भौतिकशास्त्राला धरून नाही. ज्या वाटेने कंप खाली जातो त्याच वाटेने तो वर येतो. आपल्याकडे स्टँड जड असावा, त्याचे चारही पाय नीट टेकलेले असावेत आणि स्पीकर व स्टँड यांच्यात मऊ पुटीचे चार ठिपके असावेत, एवढे पुरे. स्टँडच्या उंचीचा मात्र नव्याने विचार हवा. परदेशी स्टँड सोफ्यावर बसणाऱ्याचे कान धरून, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन-सव्वातीन फुटांचा हिशेब करून बनवलेले असतात. गादीवर मांडी घालून गाणे ऐकणाऱ्याचे कान सव्वादोन-अडीच फुटांवर येतात. तार स्वरांचा छोटा स्पीकर कानांच्या रेषेत हवा, नाहीतर सारंगीची आणि सतारीची झळाळी डोक्यावरून जाते. तेव्हा बैठकीवर ऐकणाऱ्या रसिकाने फूट-सव्वा फुटाचा बुटका स्टँड सुताराकडून करवून घ्यावा.

आता खोली. माझ्या मते सर्वांत मोठा लाभ येथेच आहे आणि सर्वांत मोठी उपेक्षाही येथेच होते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट ज्या स्वराची तरंगलांबी असते तो स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. आठ फूट रुंदीच्या खोलीत हा स्वर सेकंदाला सुमारे ७० कंपांचा असतो. आणि काळी एक हा पुरुष गायकांचा सर्वपरिचित षड्ज घेतला तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ कंप ६९ च्या जवळ येतो. म्हणजे मुंबईतील असंख्य लहान खोल्यांचा स्वभावच असा की त्यांनी नेमक्या खर्जाच्या षड्जाशी झगडावे. हा फुगलेला स्वर भिंतींजवळ अतोनात वाढतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. संथ आलापीची एखादी मुद्रिका लावून, तंबोऱ्याकडे कान देऊन एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जावे: भिंतीशी जो खर्ज छातीवर दाब देतो तोच मध्यावर इतका क्षीण होतो की वादकाने तार सैल सोडली असावी असे वाटते, आणि पलीकडच्या भिंतीशी तो पुन्हा उगवतो. एकाच यंत्रातून, एकाच क्षणी, चार पावलांत इतका फरक पडत असताना आपण स्पीकर जोडणाऱ्या हजारो रुपयांच्या तारांचे गुणदोष चघळत बसतो, याचे मला मनस्वी वाईट वाटते. भिंतीला पाठ टेकून ऐकू नये, खोलीच्या मध्यावरही बसू नये. या दोहोंमधली जागा शोधावी.

स्पीकरलाही हाच न्याय. मागची भिंत पडद्यापासून एक मीटरवर असेल तर तेथून परतणारी लाट ८६ कंपांच्या सुमारास मूळ लाटेला मारून टाकते, आणि डग्ग्याची गमक त्याच प्रदेशात हरवते. मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरे समान असली तर असे दोन्ही खड्डे एकाच स्वरावर पडतात, म्हणून ती समान नसावीत. दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात स्पीकर भिंतीपासून तीन-तीन फूट पुढे आणणे अशक्य असेल तर ते अर्धवट पुढे आणण्यापेक्षा भिंतीला जवळजवळ चिकटवून ठेवावेत आणि वाढलेला खर्ज अँप्लिफायरवर कमी करावा. कारण तसे केल्याने हा खड्डा वरच्या स्वरांत सरकतो व पुष्कळ उथळ होतो. सबवूफर असेल तर तो थोडा वेळ आपल्या बसण्याच्या जागी ठेवून, आपण भिंतीकडेने वाकून फिरत खर्ज जेथे सारखा व स्वच्छ ऐकू येईल तेथे खूण करावी, आणि सबवूफर तेथे नेऊन ठेवावा.

उघड्या भिंतींचा दुसरा दोष टाळी वाजवली की कळतो: टाळीमागे ‘टर्र’ असा फडफडता प्रतिध्वनी येतो. त्याला महागड्या फोमची गरज नाही. ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा, आणि आरशात स्पीकर दिसेल त्या ठिकाणी भिंतीपासून तीन-चार इंच सोडून जाड गोधडी टांगावी किंवा पुस्तकांची मांडणी ठेवावी. कापसाची गादी उभी केली तरी मधल्या व वरच्या स्वरांसाठी ती उत्तम शोषक ठरते. आणि हो, खोलीतील लोखंडी कपाट, त्यावरच्या ट्रंका, पलीकडच्या स्वयंपाकघरातील मांडणीवरची भांडी, खिडकीची सैल तावदाने, या सर्वांची एकदा तपासणी करावी. एखाद्याच स्वराला झणझणणारी ताटली कित्येक वेळा स्पीकर बिघडल्याचा भास निर्माण करते.

अँप्लिफायर, सीडी प्लेयर आणि संगणकावरून गाणे घेणारी यंत्रे यांच्याखाली ठेवण्याच्या महागड्या पायांवर खर्च करू नये, असे माझे मत आहे. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये काचेच्या नळीवर टिचकी मारली तर आवाज येतो हे खरे, आणि तेवढ्यापुरती काळजी योग्य आहे. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला ती लागू नाही. आणि १९८२ साली अवतरलेल्या सीडीत तर वाचनातील लहानसहान चुका गणिताने पूर्ण भरून काढण्याची व्यवस्था मुळातच आहे. फरक कानाला जाणवतो, असे प्रामाणिकपणे सांगणारे रसिक मला भेटले आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यांना माझी विनंती इतकीच, की आवाजाची पातळी मोजून समान ठेवावी, यंत्राखाली ते पाय आहेत की नाहीत हे दुसऱ्याने ठरवावे, आपल्याला ते दिसू नये, आणि मग ओळखून दाखवावे.

एकाच स्लॅबवर अनेक कुटुंबे नांदतात, हीही आपल्या घरांची एक गोष्ट. काँक्रीटमध्ये एकदा शिरलेला खर्ज खालच्या व शेजारच्या घरात फारसा न विरता पोचतो, म्हणून जमिनीवरच्या सबवूफरखाली तरी वर सांगितल्याप्रमाणे खरोखर मऊ आधार द्यावा आणि तो सामाईक भिंतीपासून दूर ठेवावा. हवेतून जाणारा खर्ज याने थांबत नाही. त्याला कळ खाली घेणे हाच बंदोबस्त. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी वस्तीसाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

विक्रेत्यांकडे माझे एकच मागणे आहे. गिऱ्हाईक दुकानात आले की त्याला अंदाजपत्रक विचारण्याआधी त्याच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची, भिंती कशाच्या आहेत, खाली फरशी आहे की लाकूड, तो गादीवर बसतो की खुर्चीवर, आणि स्पीकर भिंतीपासून किती पुढे येऊ शकतात, हे विचारून कागदावर मांडावे, आणि यंत्राची शिफारस त्या कागदावरून करावी. गिऱ्हाइकानेही टेपने मापे घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.